फरशीखालचा विस्तव

जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री 1689 साली सुरतेच्या प्रवासाला निघाला. मायदेशी परतल्यावर 1696 मध्ये त्याने प्रवासवर्णन छापले. त्यात सुरतेच्या इंग्रज वखारीचे वर्णन आहे: चाळीस माणसे राहतील एवढ्या खोल्या, तळघरे, कोठारे, पाण्याचा हौद आणि एक हमाम. सुरतेची वखार म्हटली की आपल्याला कापडाचे गठ्ठे आठवतात, नीळ आठवते, 1664 ची शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. तिथे घाम काढायची वेगळी खोली होती, हे सहसा कुणी सांगत नाही. आणि मुळात सुरतेच्या उकाड्यात ती हवी कशाला?

सुरत हे मुघलांचे मोठे बंदर. मक्केचे हाजी इथूनच जहाजात चढत, इराणी, तुर्क, आर्मेनियन व्यापारी इथे राहत. तापीकाठचा किल्लासुद्धा सोळाव्या शतकात खुदावंद खान या तुर्की सरदाराने उभारलेला. ही मंडळी गेली तिथे हमामही गेला. हिंदुस्थानात हमाम नाहीत याची बाबराला मोठी खंत होती. आग्र्याला त्याने बागेबरोबर हमामही बांधवला, आणि ऊन, वारा, धूळ या तिन्हींवर तो चांगला उतारा आहे असे लिहून ठेवले. जाड भिंती आणि वरून येणारा थोडासाच उजेड, त्यामुळे विस्तव नसेल तेव्हा आत गारवा राही.

विस्तव पेटला की मात्र हमामाची खरी करामत दिसे. भट्टी न्हाणीच्या भिंतीपलीकडे असायची, तिला फारसीत गुलखन म्हणतात. भट्टीवर पाण्याची कढई. धूर आणि जाळ थेट वर न सोडता आधी फरशीखालच्या पोकळीत शिरू द्यायचे, विटांच्या बुटक्या खांबांमधून फिरवायचे, मग भिंतीतल्या नळांनी छपरावर काढून द्यायचे. आपल्या बंबात विस्तव मध्ये आणि पाणी भोवती असते. हमामात विस्तवावर माणूस बसतो आणि त्याला ना जाळ दिसतो, ना धूर लागतो. गरम पाणी तर कुणीही करील. आग आणि अंघोळ करणारा यांच्यामध्ये दगडाची फरशी आणणे हाच माझ्या मते खरा शोध. चुन्यादगडाचा तो थर तापायला फार वेळ घेतो आणि निवायलाही. म्हणून चालत्या हमामाची भट्टी सहसा विझू देत नसत. कैरोत तर या भट्ट्यांच्या निखाऱ्यात रात्रभर घेवड्यासारख्या बियांची मडकी शिजत ठेवत.

पोकळ फरशीच्या युक्तीचे श्रेय रोमन लेखक सर्जियस ओराटा या धनिकाला देतात. इसवी सनापूर्वी शंभरेक वर्षांचा हा माणूस कालवांची शेती करून गबर झालेला. पण ग्रीकांच्या स्नानगृहांत अशा पोकळ फरशा त्याआधीच्या सापडतात. पुढे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने सगळे मापासकट लिहिले: आठ अंगुळी विटांचे दोन फूट उंच खांब, त्यांवर दोन फुटी विटा, आणि खालची जमीन भट्टीकडे उतरती, म्हणजे जाळ आपोआप आत ओढला जातो. वरची फरशी इतकी तापे की लाकडी तळव्यांच्या चपला घालाव्या लागत. रोम गेले, रचना टिकली. जॉर्डनच्या वाळवंटात कुसैर अम्रा इथे आठव्या शतकातल्या उमय्यांच्या स्नानगृहात हीच पोकळ फरशी आहे.

तिथून इराणमार्गे ती मुघलांकडे आली. लाहोरला वजीर खानाने 1635 मध्ये बांधलेल्या शाही हमामाची जमीन अलीकडे खणली तेव्हा खालची सगळी व्यवस्था उघडी पडली. आपल्या बाजूला सुरतेहून आग्र्याची वाट खानदेशातून बुऱ्हाणपूरला जाई. तिथल्या शाही किल्ल्यातला, मुमताजसाठी बांधला असे सांगतात तो हमाम अजून उभा आहे, छताची रंगीत वेलबुट्टी अजून ओळखू येते. खाली तापी वाहते, तीच पुढे सुरतेला जाते.

आजच्या स्पामध्ये पोकळीच्या जागी पाण्याचे नळ किंवा विजेच्या तारा आल्या. पस्तीस ते पंचेचाळीस अंशांचे पाणी नळांतून फिरते, आणि न्हाणीची फरशी तेहतीस अंशांपुढे तापू देऊ नये असे युरोपीय मानक सांगते; आता लाकडी चपला लागत नाहीत. फिनलंडच्या सौनात शेगडी खोलीतच असते. छताजवळ ऐंशी-नव्वद अंश आणि पायाशी जमीन त्या मानाने थंडच, म्हणून तिथेही फरशीखाली ऊब घालू लागले. सुरतेच्या दमट हवेत तिचे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते: सांडलेले पाणी तासाभरात वाळते, पाय घसरत नाही आणि फटींत बुरशी धरत नाही.