ट्रामची पागा

‘पागा’ हा शब्द कानी पडताच आम्हां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे मराठ्यांचे घोडदळ उभे राहते. शहाजीराजांच्या जहागिरीतील या बंगळुरात नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्यांस तर ते अधिकच साहजिक होय. परंतु लढाईस कधीही न गेलेली एक मोठी पागा आमच्या मुंबईत होती. तिची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही.

ती पागा ट्रामची. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीस जाण्यास प्रथम तीन आणे पडत. पुढे दोन आणे झाले. ट्राम चालविणाऱ्या स्टर्न्स व किट्रेज या अमेरिकन मंडळींपाशी सुमारे ९०० घोडे होते, असे सांगतात. डबे थोडे आणि घोडे इतके का? लोखंडी रुळांमुळे ओढ पुष्कळ हलकी होते, हे खरे. तथापि भरलेला डबा पुनःपुन्हा थांबवून हलविणे हे जनावराचा दम काढणारे काम. एक जोडी काही तास चाले, मग दुसरी जुंपावी लागे. म्हणून ट्रामचा खरा प्राण रुळांत नसून तबेल्यात होता. चंदी, वैरण, पाणी, खरारा, नाल यांत एक दिवसही खंड पडून चालत नसे.

आणि येथेच तिचा शेवटही होता. घोडा उभा राहिला तरी खातो. वीज गाडी थांबली की खर्च होत नाही. १९०५ मध्ये नव्या वीज कंपनीने हा धंदा हाती घेतला आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. १९०५ मध्येच शिवनसमुद्रची वीज बंगळुरात येऊन रस्ते उजळले. बंगळुरास ट्राम कधीच लाभली नाही. येथील घोडा त्यानंतरही कित्येक वर्षे जटका ओढीत राहिला.

मुंबईची विजेची ट्रामही ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. तिच्या अखेरच्या फेरीच्या आठवणी लोक अजून सांगतात. घोड्यांच्या वाट्यास तेवढेही आले नाही. मग त्यांच्या मोतद्दारांची काय कथा! सरकारी दफ्तरात आयुष्य घालविणाऱ्या आम्हांस याचे नवल वाटत नाही. जमाखर्चात चंदीची रक्कम पैपर्यंत उतरते. पहाटे उठून खरारा करणाऱ्याचे नाव मात्र उतरत नाही. जुन्या तबेल्याची एखादी दगडी भिंत कोठे दृष्टीस पडली, तर वाचकांनी तिच्यापुढे क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती.