दवाखान्यात न आलेल्या बायका

चिखला हे भंडारा जिल्ह्यातलं, तुमसर तालुक्यातलं मँगनीज खाणीचं गाव. तिथल्या माझ्या मोठाईच्या अंगावरून वर्षानुवर्षं पांढरं जायचं. "सांगाचं कोनाले?" एवढंच ती म्हणायची. कधी गेलीच दवाखान्यात, तर गोळ्या मिळायच्या. आतून तपासणी एकदाही नाही. मग एका शिबिरातला पॅप तपासणीचा रिपोर्ट 'असामान्य' आला आणि घरात सगळ्यांनी कॅन्सरच धरला. मी एम.एस्सी. झालेली, तरी मला नीट समजावता येईना. म्हणून जुने अभ्यास काढून वाचले. त्यातले दोन तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिला आपल्याच विदर्भातला. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. 92 टक्के स्त्रियांना किमान एक स्त्रीरोग होता, प्रत्येकीमागे सरासरी 3.6. त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा. तक्रार सांगणाऱ्या फक्त 55 टक्के आणि याआधी तपासणी व उपचार झालेल्या अवघ्या 8 टक्के! आता विचार करा, हाच अभ्यास दवाखान्याच्या रजिस्टरवरून केला असता तर? बहुतेक बायका त्यात दिसल्याच नसत्या. आपला नमुना कुठून येतो, हे म्हणूनच आधी विचारायचं.

दुसरा उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 मध्ये तो सुरू केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया, गावांचे 52 समूह, चार गट : एचपीव्ही चाचणी, पॅप, व्हिनेगरसारखं आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथा नेहमीच्याच सेवेवरचा. 2009 मध्ये निकाल आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने एचपीव्ही गटात 34 मृत्यू, चौथ्या गटात 64. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचा धोका जवळपास निम्मा झाला. बाकी दोन पद्धतींत ठोस घट दिसली नाही.

हे 64 नुसता आकडा म्हणून वाचू नका. तुलनेसाठी एका गटाला तपासणी न देणं योग्य होतं का, यावर पुढे बराच वाद झाला. उद्या तुमच्या प्रस्तावात 'नियंत्रण गट' हे दोन शब्द लिहिताना तो आठवा.

आता मोठाईचा रिपोर्ट. 'असामान्य' म्हणजे कॅन्सर नव्हे. साध्या संसर्गाच्या दाहानेही पेशी वेगळ्या दिसतात. एचपीव्ही सापडला तरी बहुतेक वेळा तो वर्ष-दोन वर्षांत शरीर स्वतःच घालवतं. टिकून राहिला तर धोका, म्हणून पुढची तपासणी चुकवायची नाही. उलट, पांढरं जाण्याचा उपचार झाला म्हणजे गर्भाशयमुखाची तपासणी झाली असंही नाही. दोन गोष्टी वेगळ्या. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर थांबायचंच नाही.

मोठाईला आम्ही भंडाऱ्याला नेलं. दाहच निघाला. नेमक्या संसर्गावर औषध मिळालं, पुन्हा तपासणीची तारीखही. तिने विचारलं, "हे आधी काऊन नाही पाहिलं?" माझ्या संशोधनाचा प्रश्न खरं तर तिथेच सुरू झाला.