जागल्या, कोटवार आणि पहारेकरी

रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत दवंडी देणारा, गावात परका मनुष्य उतरला तर ठाण्यावर वर्दी पोचविणारा कोटवार आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. आपल्या मुलखातील जागल्याचा हा भाऊबंदच. जागल्याची पात्रता जन्माने ठरे. बाप जागल्या, म्हणून मुलगा जागल्या. कोटवाराच्या नेमणुकीस १९५९ च्या भूराजस्व संहितेत स्वतंत्र कलम, २३० वे, मिळाले.

कारखान्याच्या फाटकावरील पहारेकरी मात्र दीर्घकाळ कोणत्याच दप्तरी नव्हता. निवृत्त शिपाई असेल तर पलटणीचे कागद, नाहीतर कोणा ओळखीच्या माणसाचा शब्द, एवढेच त्याचे प्रमाणपत्र. ठेकेदार बदलला की नोकरी गेली.

ह्या स्थितीस पहिला छेद महाराष्ट्राने दिला, हे आम्ही काहीशा अभिमानाने नमूद करतो. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांचा कायदा झाला. मालक, कामगार व शासन ह्यांच्या प्रतिनिधींचे मंडळ स्थापावे, रक्षकांची नोंदणी त्याने करावी, मालकाने वेतन व वर लेव्ही मंडळाकडे भरावी, आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान आदी लाभ मंडळामार्फत मिळावेत, अशी ती योजना. तो कायदा महाराष्ट्रापुरता.

रायपुरास लागू आहे तो केंद्राचा २००५ चा कायदा. तो १५ मार्च २००६ पासून अमलात आला. त्याने एजन्सीस परवाना सक्तीचा केला, रक्षकाचे वय १८ ते ६५ ठरविले, पूर्वचारित्र्याची पडताळणी आवश्यक मानली. २००६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत शिक्षणक्रम आला: १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष कामावर. आग विझविणे, प्रथमोपचार, गर्दी आवरणे, ओळखपत्रे तपासणे, फौजदारी कायद्याची तोंडओळख. इतकेच नव्हे, तर पोलिसांच्या व सैन्याच्या हुद्द्यांची चिन्हेही ओळखता आली पाहिजेत! माजी सैनिकास व पोलिसास यांपैकी ५६ तास पुरेसे. पुरुषाची उंची किमान १६० सेंटिमीटर.

आमच्या मते दोन्ही कायद्यांचे प्रश्नच निराळे. १९८१ च्या कायद्याने विचारले, ह्या माणसाच्या म्हातारपणाची सोय कोण करणार? २००५ च्या कायद्याने विचारले, हा माणूस विश्वासाचा व शिकलेला आहे काय? दुसरा प्रश्न विचारणाऱ्याने पहिला टाळू नये. १६० तास शिकलेल्या माणसास अशिक्षित हमालाच्या दराने उभे करणे हा शिक्षणाचाच उपहास होय. शिवाय हे तास भरले की केवळ कागदावर भरविले, हे फाटकातून जाणाऱ्यास कसे कळावे?

उरला व सिलतरा येथील कारखान्यांच्या आणि आपल्या वसाहतींच्या दारांवर आज अशी कितीतरी माणसे रात्र काढतात. वसाहतीच्या बैठकीत त्यांच्या मासिक दरावर तासभर घासाघीस होते. शिक्षणाच्या प्रमाणपत्राची नक्कल मागितल्याचे आमच्या क्वचितच पाहण्यात आले. ओळखपत्र तर कमरेच्या वर, समोर दिसेल असे लावावे, असे त्याच आदर्श नियमांत लिहिले होते. वाचावयास क्षणभर थांबावे लागते, इतकेच.