भिंतीवरची खुंटी

राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला आहे. आज मी आपणांस घरांतल्या एका अगदीं क्षुल्लक वस्तूचा इतिहास सांगणार आहें. बाहेरून आलेला मनुष्य जिच्यावर कोट अडकवितो, टोपी ठेवितो आणि 'आलों बुवा घरीं' असें मनाशीं म्हणतो, ती भिंतीवरची खुंटी हा माझा आजचा विषय. घरांत कोणाला जागा आहे आणि कोणाला नाहीं, हें ती जितकें स्पष्ट सांगते तितकें घरचीं माणसें देखील सांगत नाहींत.

खुंटी आपल्याकडे फार जुनी. संस्कृतांत तिला 'नागदंत', म्हणजे हत्तीचा सुळा, असें सुंदर नांव आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत नागरकाच्या शयनगृहाचें वर्णन येतें; तेथें नागदंताला वीणा अडकविलेली आहे. पंचतंत्रांतील ताम्रचूड संन्यासी उरलेली भिक्षा पात्रांत ठेवून तें पात्र नागदंतावर टांगतो आणि हिरण्यक नांवाचा उंदीर उड्या मारून तेथवर पोंचतो. म्हणजे रसिकाची वीणा आणि संन्याशाचें भिक्षापात्र या दोहोंनाही एकाच वस्तूचा आधार होता. आपल्या मराठींतही लाज, अब्रू, अक्कल या वस्तू लोक खुंटीलाच टांगून ठेवितात. आणि ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम शंका घेऊन पक्की करून घेण्यास आपण 'खुंटा हलवून बळकट करणें' म्हणतों.

जुन्या घरांच्या भिंती मातीच्या आणि चांगल्या जाड असत. खुंटीचा बराच भाग भिंतीच्या पोटांत जाई, म्हणून ती कितीही ओझें सोशी. हौशी धनी असला तर तिच्या तोंडाशीं घोडा नाहींतर पोपट कोरलेला असे. अशी खुंटी एकटी असे, आणि बहुधा ती कोणाची तरी असे. अंगरखा, उपरणें व पगडी यांची जागा पुढें एकोणिसाव्या शतकांत हळूहळू कोट व टोपी यांनीं घेतली, तरी खुंटीवरची मालकी बदलली नाहीं.

माझ्या लहानपणीं आमच्या घराच्या ओटीवर चार खुंट्या होत्या. पहिली आजोबांची, दुसरी वडिलांची, तिसरी काकांची आणि चौथी पाहुण्यांची. पाहुणा वर्षांतून दोनदां येई. एरवीं ती रिकामी राही, पण तिच्यावर कोणी कांहीं अडकविलेलें आजोबांना खपत नसे. मग आईची खुंटी कोणती? आजीची कोणती? आईचें लुगडें दांडीवर वाळे व घडी होऊन ट्रंकेंत जाई; छत्री ती दाराच्या कोपऱ्यांत उभी करी, आणि ती पडली कीं उचलून पुन्हां उभी करी. पाहुण्याला भिंतीवर जागा होती, तिला नव्हती. मुलांना शिकविण्यांत माझा सारा जन्म गेला, पण हा साधा प्रश्न मला साठी उलटेपर्यंत पडला नाहीं. तो पडला तो सातासमुद्रांपलीकडील कांहीं लोकांची हकीकत वाचतांना. ती आतां सांगतों.

अमेरिकेंत शेकर नांवाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. प्रार्थनेच्या वेळीं भावावेशानें त्यांचें अंग थरथरे, म्हणून लोक त्यांना शेकर, म्हणजे थरथरणारे, असें म्हणूं लागले. त्यांची अग्रणी ॲन ली ही बाई इंग्लंडांतील मँचेस्टर येथें १७३६ सालीं एका लोहाराच्या घरीं जन्मली. शाळेचें तोंड तिनें पाहिलें नाहीं. लहानपणींच तिला कापडाच्या धंद्यांत राबावें लागलें. १७७४ सालीं मूठभर अनुयायांसह ती न्यूयॉर्कला आली आणि दहा वर्षांनीं, १७८४ सालीं, वारली. पुढें जोसेफ मीचम व ल्यूसी राइट या दोघांनीं पंथाची घडी बसविली. आजन्म ब्रह्मचर्य, मालमत्ता सर्वांची मिळून एक, आणि कारभारांत पुरुषांच्या बरोबरीनें बायकांचा अधिकार, हे त्यांचे नियम होते. मेनपासून केंटकीपर्यंत त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. हातचें काम नीट करणें हीच ईश्वराची पूजा, अशी त्यांची श्रद्धा होती. सावता माळ्यानें मळ्यांत आणि गोरोबांनीं चाकावर विठ्ठल पाहिला, हें ज्यांना ठाऊक आहे त्या आपणां लोकांना ही श्रद्धा समजावून सांगावयास नको.

या लोकांच्या खोलींत शिरलें कीं प्रथम नजरेस पडते ती भिंतीवरील खुंट्यांची ओळ. डोक्याच्या किंचित वर एक लांकडी पट्टी भिंतीभोवतीं फिरविलेली असते आणि तिच्यांत सारख्या अंतरावर, चरकावर कातलेल्या खुंट्या बसविलेल्या असतात. पट्टी बहुधा पाइनची, खुंट्या मेपलसारख्या कठीण लांकडाच्या. त्यांवर ते कपडे व टोप्या अडकवीत. केर काढतांना खुर्च्या देखील उचलून टांगीत, म्हणजे जमीन मोकळी होई. आयझॅक न्यूटन यंग्स या त्यांच्या घड्याळजीनें १८४० सालीं भिंतीवरचीं घड्याळें केलीं, तीं याच खुंट्यांवर टांगण्याजोगीं.

स्वयंपाक व धुणें बायकांकडे आणि शेत व सुतारकाम पुरुषांकडे, ही जुनी वांटणी त्यांनाही सुटली नाहीं, हें खरें. तरी बायकांच्या खोलींतली खुंटी आणि पुरुषांच्या खोलींतली खुंटी एकाच घाटाची. घोडा नाहीं, पोपट नाहीं; पहिली मानाची आणि शेवटची हलकी असेंही नाहीं. ब्रह्मचर्यामुळें या पंथाची वंशवेल वाढली नाहीं. माउंट लेबनन येथील त्यांची मुख्य वसाहत १९४७ सालीं बंद झाली. आज मेन राज्यांत सबाथडे लेक येथें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं माणसें उरलीं आहेत. पण त्यांची ती खुंट्यांची ओळ जगभर घरोघर गेली आहे.

हें वाचल्यावर मीं घरीं तशी एक ओळ करण्याचें ठरविलें. काम अवघड नाहीं. चाळीस इंच लांब, चार इंच रुंद व एक इंच जाड अशी सागवानी फळी रंधून घ्यावी. टोंकापासून चार इंचांवर पहिली खूण करावी आणि पुढें दर आठ इंचांवर एक. म्हणजे पांच खुणा होऊन दुसऱ्या टोंकाशीं बरोबर चार इंच उरतात. गिरमिटानें छिद्रें आरपार पाडावीं, पण किंचित तिरपीं, म्हणजे खुंटीचें तोंड जरा वर राहतें व अडकविलेलें वस्त्र घसरत नाहीं. खुंटीच्या मागच्या टोंकाला करवतीनें चीर द्यावी, सरस लावून ती छिद्रांत बसवावी आणि मागून चिरेंत पाचर ठोकावी. येथें एक जपावें: पाचर फळीच्या रेषांना आडवी यावी. रेषांच्या दिशेनें ठोकलेली पाचर फळी उकलते. माझी पहिली फळी अशीच उकलली. भिंतीला भोंक पाडून गट्टू बसवावे, पाणसळ लावून फळी सरळ आहे ना तें पाहावें आणि मग स्क्रू आवळावे. जुनी खुंटी आपला भार एकटी भिंतीला देई. येथें पांचही खुंट्यांचा भार फळी उचलते, म्हणून स्क्रू बळकट हवेत.

फळी किती उंचीवर लावावी यावर घरांत वाद झाला. शेकरांप्रमाणें डोक्याच्या वर लावली असती तर नातीचा हात पोंचला नसता. शेवटीं साडेचार फुटांवर लावली. मोठ्यांनीं हात खालीं आणणें सोपें; लहानाला उंच होतां येत नाहीं.

आम्ही घरांत पांच माणसें आणि खुंट्याही पांच. कोणती कोणाची हें मीं सांगितलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पाऊस होता. सौभाग्यवती बाहेरून आल्या, त्यांनीं फळीकडे पाहिलें आणि ओली छत्री मधल्या खुंटीवर अडकविली. छत्रीचें पाणी टपटप जमिनीवर पडत होतें. एरवीं मीं कुरकूर केली असती, त्या दिवशीं मुकाट्यानें फडकें आणलें. पाहुण्यांसाठीं सहावी खुंटी कां नाहीं, असें शेजाऱ्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, "पाहुणा आला म्हणजे त्यानें माझी घ्यावी."

श्रोतेहो, आपल्याही घरीं भिंतीवर खुंट्या असतील. आज निजण्यापूर्वीं त्या एकदां मोजून पाहा, आणि घरांतलीं माणसेंही मोजून पाहा.