मुसीची बातमी

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तर तीरावर, उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात, चिंचेचे एक फार जुने झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी, सोमवारी, या झाडाच्या फांद्यांवर चढून बसलेली सुमारे दीडशे माणसे वाचली. खालून मुसी वाहत होती, आणि तिच्याबरोबर घरांची छपरे, गुरे आणि माणसे वाहत चालली होती. त्या काळी तेथे असलेले अफझलगंजचे रुग्णालय त्या पुरात गेले. आजची भव्य इमारत मागाहून झाली. झाड मात्र तेच आहे.

मुसी ही तशी लहान नदी. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत ती उगम पावते, हैदराबादेस येण्यापूर्वी ईसी नावाची उपनदी तिला मिळते, आणि पुढे पूर्वेस जाऊन ती कृष्णेत विलीन होते. उन्हाळ्यात तिचे पात्र पाहणाराला या नदीचे भय वाटणार नाही. पण शहराहून जुना असलेला पुराना पूल पाहावा. १५७८ साली इब्राहीम कुतुबशहाने हा बावीस कमानींचा पूल बांधविला. दंतकथा अशी आहे की, शहजादा महंमद कुली हा भागमतीच्या भेटीसाठी भर पुरात घोडा घालून नदीपार गेला, आणि त्या धास्तीने बापाने पूल बांधला. इतिहासकार या कथेस फारसे मोजीत नाहीत. गोवळकोंड्याच्या व्यापारासाठी पूल हवाच होता. तरीसुद्धा कथेतील एक गोष्ट खरी मानावयास हरकत नाही : कोरडी दिसणारी ही नदी एका रात्रीत माणसाला आणि घोड्याला गिळणारी होते, हे त्या काळच्या लोकांस ठाऊक होते.

१९०८ साली काय झाले ते पाहू. सप्टेंबरच्या अखेरीस मुसीच्या वरच्या मुलखावर वादळी ढग येऊन थबकले. शमशाबादच्या पर्जन्यमापकाने चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस नोंदविला. दख्खनच्या त्या पठारावर एवढा पाऊस कधी कधी अर्ध्या वर्षातही पडत नाही. २७ तारखेच्या रात्री शहर झोपले, ते पाण्याच्या गर्जनेने जागे झाले. कोळसावाडीची वस्ती नाहीशी झाली. अफझलगंज, मुसल्लमजंग आणि चादरघाट हे तिन्ही पूल निकामी झाले. शहराचे दोन भाग जोडणारा उरला तो एकटा पुराना पूल. जुन्या तटाच्या पेटला बुरुजावर पुष्कळ लोक आश्रयास चढले होते. तो बुरुज पायाखालची माती वाहून गेल्याने माणसांसकट कोसळला, असे सांगतात. दगडी बुरुज पडला आणि चिंच राहिली, हे ऐकून नवल वाटते. परंतु पुराचे पाणी भिंतीला वरून ढकलण्यापेक्षा तिचा पाया खालून पोखरते, आणि मुळांचे जाळे माती धरून ठेवते, हे ध्यानी घेतले म्हणजे नवल ओसरते.

मृतांची संख्या साधारणतः १५,००० सांगतात. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली; घरातले ते एकटेच वाचले. पुढे रुबाईचे उस्ताद म्हणून त्यांची ख्याती झाली. या पुरावरही त्यांनी काव्य लिहिले. सहावे निजाम महबूब अली खान यांनी राजवाड्यांची दारे निराश्रितांसाठी उघडली आणि अन्नछत्रे घातली. ते स्वतः नदीकाठी गेले व हिंदू रीतीने मुसीची पूजा करून तिला ओटी वाहिली, अशीही आठवण सांगितली जाते. गौळीगुडा, सुलतान बाजार, काचीगुडा या मराठी वस्त्या याच उत्तर तीरावर आहेत. विवेकवर्धिनी ही आपली शाळा पुराच्या आदल्याच वर्षी, १९०७ साली, निघाली होती. तेव्हा हा पूर आपल्याही घरचा आहे.

आता प्रश्न असा की, एवढे पाणी आले कोठून? पाऊस हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे शोधून काढले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. महाराष्ट्राला हे नाव परके नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात ते शिकले, १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, आणि खडकवासल्याच्या धरणावर पाणी चढताच आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसविले. १९०८ मध्ये इलाख्याच्या नोकरीतून बाजूस होऊन ते परदेशी प्रवासात असताना निजाम सरकारचे बोलावणे त्यांना पोचले, आणि १९०९ च्या एप्रिलात ते हैदराबादेस दाखल झाले.

त्यांनी शहरात पाणी कोठवर चढले एवढेच पाहिले नाही. ते नदीच्या वरच्या अंगाला गेले. शहराच्या वर मुसीचे पाणलोट क्षेत्र ८६० चौरस मैल. त्यात तलाव किती? ७८८! म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलास एक. हे तलाव पिढ्यान्‌पिढ्या शेतीला पाणी देत आले होते. एकाचा सांडवा खालच्यात, त्याचा त्याच्याही खालच्यात, अशी ती माळ होती. त्या पावसात यांपैकी २२१ तलाव फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर येऊन आदळे. तो आधीच काठोकाठ भरलेला. तोही फुटे, आणि दोघांचे पाणी तिसऱ्यावर जाई. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले म्हणजे बांध कापला जाण्यास काही तास पुरतात. शहरास जे पाणी भेटले ते केवळ पावसाचे नव्हते. ते साठविलेले आणि एकाएकी सुटलेले पाणी होते. पुराचा कमाल विसर्ग ४,२५,००० क्युसेक ठरविण्यात आला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. म्हणजे दर सेकंदास सव्वा कोट लिटरांच्या आसपास पाणी!

असा विसर्ग मोजतात तरी कसा? पूर ओसरल्यावर भिंतींवर, खांबांवर चिखलाच्या रेषा राहतात. त्यांवरून पाण्याची उंची आणि उतार कळतो. पात्राची रुंदी-खोली मोजून छेदाचे क्षेत्रफळ निघते. उतारावरून वेग काढतात. क्षेत्रफळास वेगाने गुणले की विसर्ग. नदीकाठचा रंगविलेला मापदंड वाचणारा माणूस हेच काम जिवंत पाण्यावर करतो : त्या ठिकाणी किती उंचीला किती पाणी वाहते याचे कोष्टक आधी बांधलेले असते. परंतु श्रोतेहो, शहरातल्या पुलाखालचा मापदंड पूर आल्याचे सांगतो, येणार असल्याचे सांगत नाही. ती बातमी वरच्या गावातला पर्जन्यमापक आणि वरच्या तलावाचा बांध यांच्याजवळ असते. त्या रात्री शहराच्या उपयोगी पडेल अशी ती वेळेवर आली नाही. आपल्या देशात मध्यवर्ती सरकारने पुराचे शास्त्रीय पूर्वानुमान सुरू केले ते १९५८ साली, दिल्लीस यमुनेच्या जुन्या रेल्वे पुलापाशी. मुसीच्या पुरानंतर पन्नास वर्षांनी.

विश्वेश्वरय्यांचा उपाय होता तो शहराच्या वर पाणी अडविण्याचा. मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. दोहोंची साठवण मिळून सुमारे सात अब्ज घनफूट. हा आकडा मोठा वाटतो. परंतु भागाकार करून पाहावा : १९०८ च्या कमाल वेगाने पाणी येत राहिले, तर हे दोन्ही जलाशय अगदी रिकामे असले तरी सुमारे साडेचार तासांत भरतील. आणि ते रिकामे तरी कोठे असतात? पूर झेलणारा जलाशय पावसाळ्यात मोकळा हवा. शहराची तहान भागविणारा जलाशय भरलेला हवा. पुष्कळ वर्षे हैदराबाद याच दोन जलाशयांचे पाणी प्याले. पुढे मांजरा, कृष्णा, गोदावरी यांचे पाणी आले, तरी भरलेला तलाव सोडून देण्यास कोणाचे मन धजत नाही. दरवाजे केव्हा उघडावे, हा म्हणूनच स्थापत्याइतकाच बातमीचाही प्रश्न आहे. धरण बांधले की पूर संपला असे मानणारांस १२ जुलै १९६१ चे पानशेत आठवावे. त्या दिवशी पानशेतच्या पाण्याने खडकवासलाही फुटला. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते.

धरणाखालच्या नदीची आणखी एक खोड आहे. डोक्यावर ऊन असते, पात्रात पाणी घोटाभर असते, आणि वर दरवाजे उघडल्याने पाहता पाहता ते कमरेस लागते. भोंगा वाजला की कपडे, गुरे, वाहन यांचा मोह सोडून काठ चढावा. पाणी अकस्मात गढूळ झाले, काटक्या-पाचोळा तरंगत येऊ लागला, तर भोंग्याचीही वाट पाहू नये. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो : वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. म्हणून गुडघाभर पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडते. पाण्याखाली गेलेल्या पुलावर रस्ता शिल्लक आहे की नाही, हे तर वरून दिसतच नाही. मुसारामबागचा जुना सखल पूल पाण्याखाली जाई तेव्हा पोलीस दोन्हीकडे अडथळे लावीत, आणि कोणी तरी दुचाकीस्वार त्यांच्याशी हुज्जत घालीत उभा असेच.

२०२५ च्या सप्टेंबरात, २६ तारखेच्या रात्री, दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडावे लागले. गौळीगुड्याचे मोठे बसस्थानक नदीच्या अगदी पात्रालगत आहे. तेथे पाणी शिरले आणि उतारूंना बाहेर काढावे लागले. चादरघाटची सखल वस्ती बुडाली. त्या रात्री मुसीत आलेले पाणी १९०८ च्या कमाल विसर्गाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होते.

२८ सप्टेंबरला काही हैदराबादकर उस्मानियाच्या चिंचेखाली जमून मृतांचे स्मरण करीत आले आहेत. २०२५ चा पूर या तिथीच्या आदल्याच दिवशी शहरात होता.