साथीतून नेलेलं कुंड

अंधेरीच्या सीप्झ वसाहतीत एका जुन्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी ते १५७९ साली बांधलं. १८४० मध्ये गावात साथ आली आणि चर्च ओस पडलं. भाविक मरोळला गेले. जाताना त्यांनी मूर्ती, खांब आणि बाप्तिस्म्याचं कुंडही नेलं.

साथीत माणूस जीव मुठीत धरून पळतो. घरोघरी मरण असताना या माणसांनी मात्र अजून न जन्मलेल्या लेकरांच्या बाप्तिस्म्याची सोय केली. प्रभू आपल्याला टाकणार नाही, हा भरवसा असल्याशिवाय एवढं जड ओझं कोण उचलेल? आम्ही मुसलमान अशा धीराला सब्र म्हणतो. पुढं मरोळच्या नव्या चर्चमध्ये त्या कुंडाला जागा मिळाली.