रिसर्च प्रपोजल कसं लिहायचं? ओआरएसच्या पुडीवरून समजून घ्या

टेक्निकल कम्युनिकेशनच्या विषयात कधी ना कधी रिसर्च प्रपोजल, म्हणजे संशोधन प्रस्ताव, लिहावा लागतो. बरेच जण 'सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम' असं काहीतरी घेऊन चार पानांचा निबंध लिहितात आणि तो परत येतो. कारण प्रस्ताव ही माहिती नसते, ती परवानगीची मागणी असते. मला काय शोधायचंय, कसं आणि किती दिवसांत, एवढं वाचून शिक्षकांना 'कर', 'नको' किंवा 'हे बदल' असं सांगता आलं पाहिजे.

विषय कुठून आणायचा?

अवघड माहिती वापरणाऱ्याला नीट वापरता येईल अशी मांडणं, हे टेक्निकल कम्युनिकेशनचं काम. औषधाच्या वेष्टनावरची सूचना, मिक्सरचं माहितीपत्रक, वीजबिल, सगळं यात येतं. म्हणजे विषय घरातच आहे.

ओआरएसची पुडी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे 20.5 ग्रॅमची पुडी 1 लिटर पाण्यात विरघळवायची असते. दुकानात 200 मिलीसाठीच्या छोट्या पुड्याही मिळतात. घरातलं माप मात्र 'ग्लास' नाहीतर 'तांब्या'. पाणी कमी पडलं तर मिठाचं प्रमाण वाढतं आणि जुलाबाने थकलेल्या लहान मुलाला ते धोक्याचं ठरू शकतं. पाणी जास्त झालं तर उपयोग कमी.

'ओआरएसबद्दल जनजागृती' हा संशोधनाचा प्रश्न नाही. 'पुडीवरची सूचना वाचून लोक योग्य मापाचं पाणी घेतात का?' हा आहे. याचं उत्तर मिलीलिटरमध्ये मोजता येतं.

पार्श्वभूमी किती लिहायची?

थोडी. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी असंच द्रावण वापरलं. गोष्ट विलक्षण आहे, पण प्रस्तावात तिला एक वाक्य पुरे. बाकीची जागा सूचनांच्या आकलनावर आधी काय अभ्यास झालाय आणि त्यात काय राहिलंय, याला द्या.

खरी परीक्षा पद्धतीत

'सर्वेक्षण करण्यात येईल' एवढंच लिहिलं की प्रस्ताव तिथेच गडगडतो. पुडी वाचून कळली का, असं विचारलं तर सगळे 'हो' म्हणतात. म्हणून विचारू नका, करायला सांगा. पुडी आणि घरातली चार-पाच भांडी समोर ठेवा, द्रावण बनवायला सांगा, मग त्यांनी घेतलेलं पाणी मोजपात्राने मोजा. सूचना कोणत्या भाषेत होती, माणूस कुठे अडला, हेही टिपा.

किती लोक हवेत? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 मध्ये मांडलं होतं की पाच जणांच्या चाचणीतही बहुतेक अडचणी समोर येतात. पण ते अडचणी शोधण्यापुरतं. पाच जणांवरून 'साठ टक्के लोक चुकतात' असं लिहू नका. तुम्हाला नेमकं काय हवंय, त्यावर संख्या ठरवा आणि कारण लिहा.

सहभागी होणाऱ्यांची संमती कशी घेणार, नावं कशी गुप्त ठेवणार, हेही आलं पाहिजे. आणि या उदाहरणात एक ओळ हवीच: चाचणीत बनवलेलं द्रावण कुणालाही प्यायला द्यायचं नाही.

वेळापत्रक प्रामाणिक ठेवा. परीक्षेच्या आठवड्यात मुलाखती दाखवल्या की शिक्षकांच्या लगेच लक्षात येतं. खर्च पुड्या, मोजपात्र आणि झेरॉक्स एवढाच असला तरी लिहा.

या सरावाचा पुढेही उपयोग आहे. यूजीसीच्या चार वर्षांच्या पदवी आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा जास्त गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. तिथे पुन्हा प्रस्तावच मागतात.

शीर्षक सगळ्यात शेवटी लिहा. 'ओआरएस: एक अभ्यास' नको. 'ओआरएसच्या पुडीवरील सूचना वाचून घेतलेल्या पाण्याचं माप: पालकांसोबत एक चाचणी' चालेल.